वाघ कोरडा पाहिजे

“वाघ कोरडा पाहिजे बरं का, सुनीलभाऊ,” जिप्सीत बसल्याबसल्या बंडूभाऊंनी मला बजावलं. पाऊस पडत होता. सफारीच्या जिप्सीला वर छत नसतं. त्यामुळे सीट ओली, मी ओला, गाईड मंदाताई ओल्या आणि समोरचं अख्खं जंगल निथळत होतं. त्यात कोरडा वाघ मी कुठून आणू, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण गिऱ्हाईकाला पहाटे पहाटे उलट प्रश्न करू नये, एवढं मी लग्नांच्या धंद्यात शिकलोय.

बंडूभाऊ म्हणजे नागपूरच्या चारी बाजूंनी ले-आउट पाडून प्लॉट विकणारे बिल्डर. आता त्यांनी जंगलाच्या कडेला रिसॉर्ट बांधलं होतं. त्याच्या लॉबीत दोन मजले उंच भिंत होती आणि त्या भिंतीवर त्यांना वाघ हवा होता. विकतचा फोटो चालणार नव्हता, कारण तोच फोटो शेजारच्या रिसॉर्टात निघाला तर इज्जत जाते. वाघ इथलाच पाहिजे, समोर बघणारा पाहिजे, दोन्ही डोळे दिसले पाहिजेत आणि शेपूट कापलेली नको. थोडक्यात, मुलीच्या स्थळासाठी काढतात तसला फुल साइज फोटो. तो पसंत पडला तर रिसॉर्टचं वर्षभराचं फोटोग्राफीचं काम मला मिळणार होतं.

हे काम मला किती हवं होतं ते सांगतो. माझा नागपुरात सक्करदऱ्याला स्टुडिओ आहे. लग्नं काढता काढता माझे केस पांढरे झाले. हळद, संगीत, वरात, विदाई, आणि ऐन मंगलाष्टकांत कॅमेऱ्यापुढे येऊन उभे राहणारे मामा. सुट्टी मिळाली की मी जंगलात पळायचो आणि तिथे माणसात यायचो. शेवटी यंदा जिवावर उदार झालो आणि येत्या हिवाळ्याच्या सगळ्या लग्नांच्या ऑर्डरी चुलतभाऊ प्रमोदला देऊन टाकल्या. स्टुडिओचा काउंटर माझी बायको संगीता सांभाळते. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “जाऊन या. पण नाही जमलं, तं पुन्हा हळदीचे फोटो काढाले तोंड वाकडं करायचं नाही.”

म्हणजे वाघ मिळाला तर जंगल, नाही मिळाला तर हळद. पावसाळ्यासाठी जंगलाचा मुख्य भाग बंद होतो, त्याला आता थोडेच दिवस उरले होते.

पहिली माती बंडूभाऊंच्या पाहुणचारानेच केली. त्यांनी मला सगळ्यात भारी खोली दिली आणि एसी असा लावून ठेवला, की दुधाला विरजणसुद्धा लागलं नसतं. कॅमेरा रात्रभर त्या गारठ्यात राहिला. पहाटे दमट हवेत आणल्याबरोबर लेन्सवर धुकं चढलं. कुकर उघडताना चष्म्यावर चढतं ना, तसंच. पुसून ते जात नाही, उलट पसरतं. लेन्स बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत गप्प बसणं हाच उपाय. मी गप्प बसलो. बंडूभाऊ बसले नाहीत. एवढी मोठी लेन्स आणि तिलाही एसी सोसत नाही म्हणजे काय, हे त्यांनी मला, ड्रायव्हरला आणि मंदाताईंना आळीपाळीने विचारलं.

लेन्स निवळली तेव्हा खरी अडचण दिसली. उजेडच नव्हता. सोपं करून सांगतो. फोटो काढताना कॅमेऱ्यातला पडदा क्षणभर उघडतो, तो किती वेळ उघडा राहील त्याला शटर स्पीड म्हणतात. उजेड कमी असला की पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात वाघ चालला तर फोटोत नुसता फराटा येतो. दुसरा उपाय म्हणजे आयएसओ वाढवणं. म्हणजे आहे त्याच उजेडाचा आवाज मोठा करणं. पण रेडिओ फार मोठा केला की जशी खरखर येते, तसे फोटोवर बारीक दाणे येतात. दोन मजली भिंतीवर ते दाणे साबुदाण्याएवढे दिसले असते. एकूण काय, फराटा नाहीतर साबुदाणा.

हे सगळं मी बंडूभाऊंना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फ्लॅश मारा म्हणाले. जंगलात फ्लॅशला मनाई आहे, मी म्हणालो. मग लग्नात कसा मारता, त्यांनी विचारलं. लग्नात नवरदेव पळून जात नाही, असं मी म्हणालो. मंदाताई पुढच्या सीटवर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बंडूभाऊंनी रेनकोट घातला नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला होता, आणि दोन गुडघ्यांमध्ये एक छत्री होती. प्लॉट बुक करणाऱ्याला ते फुकट द्यायचे ती, भगवी-पिवळी, बटण दाबलं की उघडणारी. सफारीत छत्री उघडायची नाही, असं मंदाताईंनी गेटवरच सांगितलं होतं. तिथल्या फलकावर सगळे नियम लिहिले आहेत, छत्रीचा तेवढा नाही. लिहिणाऱ्याला असा माणूस सुचला नसावा.

बराच वेळ काहीच नाही. वानरं फांद्यांवर एकमेकांना चिकटून बसली होती. मोर भिजून कोंबडीएवढा झाला होता. मग डावीकडून चितळ ओरडलं. वाघ दिसला की चितळ असं ओरडून बाकीच्यांना सावध करतं. मंदाताईंनी हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी तांदूळ भरलेली पिशवी जिप्सीच्या दांडीवर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. हात हलू नये म्हणून आम्ही ही पिशवी वापरतो. कॅमेऱ्याला मिठाईच्या दुकानातली प्लॅस्टिकची थैली घातलेली होती. पावसात तिच्याइतकं भरवशाचं काही नाही.

वाघ रस्त्यावर आला. पावसात वाघ बरेचदा रस्ता धरतो, कारण गवतातून गेलं की अंगावर पाणी झडतं आणि ते त्यालाही आवडत नाही. मोठा नर होता. मान खाली घालून, वैतागलेल्या कारकुनासारखा आमच्याकडे चालत येत होता. मी फोटो काढत होतो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघत होतो. फराटा. पुन्हा फराटा. डोळे नाहीत, पाय नाहीत, नुसतं भगवं काहीतरी सांडलेलं. तो वळून गवतात शिरणार हे दिसत होतं. मला त्या क्षणी वाघ दिसत नव्हता, प्रमोदच्या ऑर्डरी दिसत होत्या.

बंडूभाऊ कानाशी आले. “थांबव ना गा त्याले,” ते कुजबुजले. तेवढ्यात पावसाची जोरदार सर आली आणि कुर्ता वाचवायला म्हणून त्यांनी बटण दाबलं.

फट्‌ असा आवाज झाला. वाघ जागच्या जागी थिजला. पुढचा एक पाय उचललेला तसाच अधांतरी. मान वर करून तो सरळ आमच्याकडे, म्हणजे त्या छत्रीकडे, बघत राहिला. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजच बुक करा’. मिशांवरून पाणी गळत होतं, कान मागे गेले होते, दोन्ही डोळे लख्ख आणि शेपूट पूर्ण. माझं बोट आपोआप चाललं. मग त्याने पाय खाली ठेवला आणि गवतात शिरला. मला भर पावसात रडू आलं. चेहरा आधीच ओला होता म्हणून कोणाला कळलं नाही.

मंदाताई मात्र भडकल्या होत्या. असा वाघ बिचकला आणि अंगावर आला असता तर कोणाचं काय झालं असतं, हे त्यांनी बंडूभाऊंना न ओरडता पण एकेक शब्द मोजून ऐकवलं. गाईडची बारी, म्हणजे सफारीवर जायची पाळी, बंद होते अशा प्रकाराने, आणि त्यांचं घर त्या बारीवरच चालतं. बंडूभाऊंनी खाली मान घालून ऐकलं. मग छत्री मिटताना म्हणाले, “पण थांबला ना तो?”

“थांबणारच,” मंदाताई म्हणाल्या. “त्याले वाटलं, इथंही ले-आउट पडून राहिला का काय.”

गेटवर त्यांनी रीतसर तक्रार केली आणि बंडूभाऊंना दंड झाला. तो त्यांनी वाघाला थांबवण्याची फी समजून आनंदाने भरला आणि पुढे महिनाभर सगळ्या नागपूरला सांगितला.

फोटो मी संगणकावर उघडला तेव्हा संगीता मागे येऊन उभी राहिली होती. पावसाच्या तिरप्या रेघा, अंगाला चिकटलेले केस, हवेत धरलेला पाय. दाणे होते, भरपूर होते, पण त्यांच्यामुळेच तो पाऊस अंगावर आल्यासारखा वाटत होता. ती म्हणाली, सुटलात तुम्ही लग्नांतून. आयुष्यात एवढा चांगला फोटो मी काढला नव्हता. हे मी नम्रपणे नाही, खरं तेच सांगतोय.

बंडूभाऊंनाही फोटो फार आवडला. फक्त वाघ ओला होता. पाऊस दिसला तर गेस्ट येणार कसे, असा त्यांचा सवाल होता. सीताबर्डीच्या एका डिझायनरकडे त्यांनी फोटो दिला. त्याने पावसाच्या रेघा पुसल्या, दाणे घासून काढले, वाघ कापून घेतला आणि हिरव्यागार कुरणात, निळ्या आभाळाखाली, कडक उन्हात उभा केला. वाघ कोरडा करणं मात्र त्यालाही जमलं नाही.

उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. दोन मजले उंच वाघ होता. भर उन्हात निथळत होता आणि पाय उचलून कशाकडे तरी अचंब्याने बघत होता. खाली पितळी पाटी होती. त्यावर माझं नाव होतं, आणि त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत, ‘संकल्पना : बंडूभाऊ’. एका पाहुण्याने विचारलं, वाघ ओला काहून आहे? आत्ताच आंघोळ करून आला, बंडूभाऊंनी सांगितलं. पाहुण्याचं समाधान झालं.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. वर्षभराच्या कामाचं बोलणार म्हणून मी शर्ट नीट केला. ते म्हणाले की ते काम आता त्या डिझायनरला दिलंय, तो पोरगा कॉम्प्युटरवर सगळंच करून देतो, पहाटे उठावंही लागत नाही. माझ्यासाठी त्यांनी त्याहून मोठं काम ठेवलं होतं. “पोरीचं लग्न आहे, सुनीलभाऊ. इथंच, या वाघासमोर. ज्या माणसानं पावसात वाघ काढला, त्याले मामा लोकं काय जड आहेत?”

मी संगीताकडे बघितलं. ती भिंतीवरच्या वाघाकडे बघत होती. पण माझं तोंड वाकडं होतंय का यावर तिचं लक्ष होतं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुसरा कॅमेरामन पाहिजे म्हणून प्रमोदला फोन केला, तर त्याने आधी पोटभर हसून घेतलं.

खरा फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावलाय, पावसासकट, दाण्यांसकट. लग्नाची ऑर्डर द्यायला येणारे लोक त्याच्यासमोर थबकतात. परवा एक वधूपिता बराच वेळ बघून काळजीने म्हणाले, फोटो खराब झाला वाटते, आमच्या लग्नात असं नाही ना होणार? मी त्यांना सांगितलं, काही काळजी करू नका, लग्नात उजेड भरपूर असतो आणि नवरदेव थांबतो.