सीझनच्या आधीचे थेंब

“बाय, ही बाटली नको माका. ती दुसरी लिहून द्या.”

सदानंद माझ्याच क्लिनिकमध्ये बसून मला प्रिस्क्रिप्शन सांगत होता. मी पेडण्यात डोळ्यांची डॉक्टर आहे आणि तो दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करतो. द्रौपदी, तारामती, दोन्हीत त्याचा अर्धा अभिनय डोळ्यांत. पण पाऊस सरून धूळ उडायला लागली की अॅलर्जीने तेच डोळे लालभडक होतात. वर रंगाची पावडर असतेच. पाणी गळायला लागलं की गालावरचा रंग ओघळतो आणि पुढचे प्रेक्षक हसतात. सीझनचा पहिला खेळ तोंडावर आला होता.

“मागे दिलेले थेंब घातलेस का?”

“दोनदा घातलंय. खाज सुटली तेव्हा. कायेक फरक पडूक नाय. आमची बाटली बरी, धा मिनटांत डोळे सफेद.”

‘आमची बाटली’ त्याने खिशातून काढली. ते स्टेरॉइड होतं. कंपनीतल्या एका नटाला कुठल्याशा डॉक्टरने आठवड्यापुरतं लिहून दिलं होतं. नंतर ते रंगपेटीतच राहायला लागलं आणि तोंड रंगवता रंगवता ज्याला खाज सुटेल तो थेंब घालायचा. संपलं की दुकानातून नवीन. सदानंदचे असे दोन सीझन गेले होते. माझं डोकंच फिरलं.

मी आधी डोळ्यांचा दाब मोजला. डोळ्याच्या आत पाणी खेळत असतं, त्याचा हा दाब. स्टेरॉइड मनाने घालत राहिलं तर काहींचा दाब वाढतो. दुखत नाही, दिसतंही नीट, आणि आतली नस हळूहळू सुकते. तेवढी नजर गेली ती गेलीच. सदानंदचा दाब चांगलाच वाढलेला होता. नस तपासताना मी स्वतः धास्तावले होते. नस अजून शाबूत होती.

बाहेर बसलेल्या कंपनीच्या मालकांना मी आत बोलावलं.

“ही बाटली आजपासून बंद. कंपनीत सगळ्यांचीच.”

“डॉक्टर, एवढो सीझन जावं दे. डोळे लाल घेऊन द्रौपदी कशी उभी रवतली?”

“आणि आंधळी द्रौपदी चालेल?”

सदानंदने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “बाय, खरांच दिसूचा बंद होतला?”

“असंच चाललं तर होईल. आज थांबलास तर नाही.”

मग मी दोघांना समजावलं. आपल्या डोळ्याच्या अस्तरात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. मिरचीपूड भरलेल्या पिशव्याच समजा. धूळ लागली की पिशवी फुटते, पूड सांडते, डोळा चुरचुरतो. सदानंदला मी दिलेलं औषध होतं मास्ट सेल स्टॅबिलायझर. ते पिशवीचं तोंड बांधून ठेवतं. सांडलेली पूड गोळा करणं हे त्याचं काम नाही. म्हणून खाज सुटल्यावर दोनदा घालून काही होत नाही. लिहून दिलंय तितक्या वेळा, रोज, डोळे बरे असतानाही घालायचं. गुण यायला पंधरवडाही लागतो. घातल्यावर जरा झोंबतं, त्याला घाबरायचं नाही. आणि बाटली ज्याची त्याने वापरायची, नाहीतर एकाचे डोळे आले की सगळ्या कंपनीचे येतात.

“तोपर्यंत माझा काय?” सदानंदने विचारलं. रास्त प्रश्न होता. तोवरच्या खाजेसाठी वेगळे थेंब दिले, दाब उतरवायचे आणखी वेगळे. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं थांब म्हटलं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. डोळे चोळायचे नाहीत, गार पाण्याची पट्टी ठेवायची. आणि गुण येईपर्यंत डोळ्यांच्या आसपास रंग नाही. ते ऐकून त्याचा चेहरा एवढासा झाला.

मालकांनीच तोड काढली. “पयले खेळ मी ह्याका दुर्वासाचो पार्ट देतंय. लाल डोळे बरे शोभतले.”

सदानंद हसला नाही. राग होता माझ्यावर, आणि द्रौपदी दुसऱ्याला गेली याचं दुःखही होतं. पण पठ्ठ्याने थेंब चुकवले नाहीत. जत्रा ऐन भरात आल्या तेव्हा डोळे निवळले होते, दाब उतरला होता, आणि द्रौपदी त्याची त्याला परत मिळाली. मी मुद्दाम खेळ बघायला गेले. डोळे कोरडे ठणठणीत, रडले ते प्रेक्षक.

पुढच्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, दसराही झाला नव्हता तेव्हा, तो क्लिनिकमध्ये हजर. डोळे पांढरेशुभ्र. मी सवयीने विचारलं, “काय होतंय?”

“कायेक होणा नाय बाय,” तो म्हणाला. “म्हणानच इलंय.”

इतक्या वर्षांत इतकं शहाणं उत्तर मला कुठल्याही पेशंटने दिलं नव्हतं.