बाईच्या हातचं चेंबर

इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं पातेलं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते गळू नये म्हणून कडेनं सिलिकॉन लावायचं. काम सोपं, पण माणसाला दम पाहिजे. माझ्या थोरल्या दिरांना तो नव्हता, आणि त्याची भरपाई मी केली.

काळेवाडीत त्यांचं गॅरेज होतं. कंपनीत प्रेस मशीनखाली नवऱ्याची बोटं गेली, नोकरी सुटली, तेव्हा आम्ही दोघं तिथं राबायला लागलो. नवरा सांगायचा, मी करायची. जुनं सिलिकॉन खरवडून, पेट्रोलनं पुसून कोरडं केल्याशिवाय मी नवं लावत नसे. चेंबर बसवलं की बोल्ट आधी नुसते बोटानं आवळायचे. सिलिकॉन जरा धरलं की मग पाना. तेवढा वेळ गप बसायचं. दिरांना नेमकं तेच खुपायचं. "पूजेला बसवलीय का हिला?" म्हणायचे.

एकदा गिऱ्हाईक घाई करत होतं. दिरांनी माझ्या हातातला पाना हिसकला, बोल्ट जीव खाऊन आवळले, लगेच तेल ओतलं आणि गाडी सोडली. गाडी परत आली ती खालून तेलानं न्हाऊन. गॅरेज माणसांनी भरलेलं. दीर माझ्याकडं बोट दाखवून हसले, "बाईच्या हातचं चेंबर, गळणारच की राव!" उचलली जीभ लावली टाळ्याला! सगळे हसले. नवरा खाली बघत राहिला. त्याला मी घरी गेल्यावर सोडला नाही.

ते गॅरेज सोडून आम्ही माझ्या माहेरी, कुरुळीत, रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. पण ते वाक्य आमच्याआधी येऊन बसलेलं. पंक्चरला, हवेला माणसं यायची. चेंबरचं नाव काढलं की विचारायची, "ताई, दाजी स्वतः करणार का?" अरे, त्या हाताला बोटं नाहीत! तरी भरवसा त्याच्यावर. माझं नाव असंच मातीत गेलं, आणि मी रोज दिरांच्या नावानं बोटं मोडत राहिले.

मग दिरांनी टेम्पो घेतला, चाकणच्या एका कंपनीत माल पोचवायला. तेल गळणारी गाडी तिथं गेटच्या आत घेत नाहीत. एका संध्याकाळी गेटवरनं परतवलेला तो टेम्पो माझ्या शेडपुढं थांबला. शिफ्ट सुटलेली, शेजारच्या टपरीवर ही गर्दी.

"अगं, जरा बघतेस का?" दिरांनी खाली उतरून विचारलं.

मी खाली शिरले. चेंबरची कड आवळून आवळून वाकलेली, सिलिकॉनचे नुसते गोळे.

"भाऊजी, कुणी लावलंय हे?"

"मीच."

काय गार वाटलं म्हणून सांगू! सगळं खोललं, कड ठोकून सरळ केली, घासून पुसून नवं सिलिकॉन लावलं, बोल्ट बोटानं आवळले. आणि पाना मांडीवर घेऊन बसले.

"आवळ की आता. माल अडकलाय माझा."

"आवळते. आधी या लोकांना सांगा, त्या दिवशी चेंबर कुणामुळं गळलं."

नवरा कळवळला, "जाऊ दे ना, थोरला हाय."

"तुमी गप बसा."

दीर काहीतरी पुटपुटले.

"न्हाई ऐकू आलं. त्या दिवशी तर चांगला आवाज लागला होता!"

त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग टपरीकडं तोंड करून ते ओरडले, "हिनं चेंबर नीट लावलं होतं! घाई मी केली. माझ्यामुळं गळलं."

टपरीवर कुणी हसलं नाही. मी खाली शिरले, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले आणि बाहेर आले.

"झालं समाधान?" दिरांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "सिलिकॉन रातभर सुकू दे. तेल सकाळीच भरणार. तेव्हा परत सांगा. सकाळच्या शिफ्टची माणसं वेगळी असतात."