बाटलीतला बोटभर वारा

बोअरला पाणी लागलं तेव्हा गाव नाचलं. दुसऱ्या दिवशी पाण्याला नासक्या अंड्याचा वास सुटला आणि गावाला माझी बायको सापडली. बोअरचा नारळ तिनं फोडला होता, आणि आम्हाला लेकरू न्हाई. माझी भावजय हापशावर सगळ्यांदेखत तिला बोलली, "वांझेनं नारळ फोडला, पाताळ नासलं. आता तूच पी!"

"पिते की," बायको म्हणाली आणि ओंजळ लावून प्याली. दुष्काळात दुसरं पाणी होतं कुठं? शिव्या देत सगळेच पीत होते, हरामखोर.

जिल्हा नवा झालेला. लातुरातून पाणी तपासणारा साहेब आला. पाणी बोटांत चोळून म्हणाला, "सोड्यासारखं बुळबुळीत आहे. खाली खडकात डोळ्याला न दिसणारे जीव आहेत. तिथं हवा नाही, खायला नसल्यातच जमा, तरी जगतात. वास त्यांचाच. हवा लागली की मरतात."

बायकोनं विचारलं, "म्हंजी नारळाच्या आधीपासून हायत?"

"माणसाच्या आधीपासून, बाई."

"मग कागदावर लिहून द्या. चावडीत वाचायचं हाय."

जीव सापडले तर देतो, म्हणाला. त्या दिवशी हापशाचा दांडा मोडलेला. मला बाटली देऊन बजावलं, "दांडा बसला की बादलीत बुडवून भरा, पाण्यातच बूच लावा. बुडबुडा राहू देऊ नका."

बाटली गच्च भरली. पण आमच्यात भरलं भांडं गावाबाहेर नेताना घोटभर भुईला सांडतात, नाहीतर पाणी आटतं. हात आपसूक कलला. सांडलं, मग बूच लावलं. एसटीत बाटली मांडीवर होती. वरची बोटभर रिकामी जागा दिसत होती, पण ती हवाच आहे हे चौथी नापास डोक्यात शिरलं न्हाई.

कागद आणायला गेलो. "जीव आढळले नाहीत." साहेबानं त्या रिकाम्या जागेवर नख ठेवलं. "ही हवा कुणी भरली?" म्हणाला, दुसरी बाटली आणा. आणणार कुठून? तोवर बोअर आटला होता.

चावडीत कागद वाचला. भावजय खदखदून हसली. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"साहेब लबाड निघाला," मी म्हणालो.

तिनं खरं मानलं. मरेपर्यंत कुणाच्या शुभकार्यात नारळाला हात लावला न्हाई. औंदा ती गेली. भावजय रडायला आली, तिला उंबऱ्यावरून हाकललं. पण खरं तोंडातून निघालं न्हाई.

आता लिहून देतो, चावडीत वाचा. जीव होते. मी मारले.