पोटात शिरणारी तलवार

ती घटना आठवली की आजही आधी माझी टोपी आठवते. उपनिरीक्षक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. चालण्यात ऐट अशी, जणू नंदुरबार जिल्हा माझ्याच खांद्यावर उभा आहे. त्या सकाळी टोपी सापडेना. बंदोबस्ताच्या दिवशी आई ती नेमकी कुठेतरी ठेवून विसरायची. तिच्यावर करवादून मी ठाण्यात उशिरा पोहोचले.

कोरीटकडच्या एका गावचं नाट्यमंडळ समोर उभं. संध्याकाळी मराठेशाहीतल्या लढाईचं नाटक, आणि शिलेदाराला मारणारी तलवारच चोरीला गेलेली. दाबली की तिचं पातं मुठीत शिरायचं. बघणाऱ्याला वाटे, पोटात गेलं.

"ती नही तं नाटक नही, मॅडम," दिग्दर्शक रडकुंडीला आला होता.

हवालदारांनी स्टेशन डायरीत नोंद घेतली. खबऱ्याने कळवलं, शेजारगावचं मंडळ यांच्यावर जळतं. झालं. त्यांचा राजा, सेनापती आणि मिशीवाली राजकन्या यांना बाकावर बसवून मी दुपारपर्यंत दरडावलं. राजकन्येने हुंदके दिले. निष्पत्ती शून्य.

मग घटनास्थळ पाहिलं. जरीचे शेले, पितळी ढाली जागच्या जागी होत्या. गावात जो तो विचारत होता, तलवार मिळाली का? शिलेदार होणाऱ्या पोराच्या आईने मात्र मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढत विचारलं, "नाटक बंद पडनं ना, माय?"

मी घास खाली ठेवला. "मावशी, तलवार कुठंय?"

"कोठीमा." तिने डोळ्यांना पदर लावला. "मोठा फौजमा शे. धाकलाना पोटमा रोज पातं घुसस. खोटं शे म्हणतस सम्दा. एखादा दिन अडकनं तं?"

ज्वारीच्या कोठीतून तलवार काढली आणि तिच्यासमोर मी ती पुन्हा पुन्हा स्वतःच्या पोटात खुपसून दाखवली. वर्दीतल्या फौजदारणीचं ते मरण पाहून ती हसू लागली. "बस कर, भाकर खाय."

संध्याकाळी ती माझा हात धरून बसली. शिलेदार पडला. मैदान चिडीचूप.

"लागनं का रे?" तिने विचारलं.

प्रेताने नाही म्हणून मान हलवली. लोक हसले, आणि डोळेही पुसले. मंडळाने तक्रार मागे घेतली.

चोरी लोभानेच होते, असं मी शिकून आले होते. धास्तीनेही होते, हे त्या मावशीने शिकवलं. पुढे कितीतरी तपासांत ते कामी आलं. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

पुढच्या बंदोबस्ताला टोपी पुन्हा गायब. या वेळी मी चिडले नाही. सरळ आमच्या ज्वारीच्या कोठीत हात घातला. टोपी तिथेच होती. आई मागे पदराशी चाळा करत उभी.

"संध्याकाळी येते," म्हटलं, आणि टोपी तिच्याच हातून घालून घेतली.