चाफ्याला लागलेली सफरचंदं

सत्य माणसाला मुक्त करतं, असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही. मी ते सांगून पाहिलेलं नाही. निदान हे एक तरी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. मधुराला सांगायला तशी हरकत नव्हती. पण तिने विचारलं असतं, "मग तेव्हाच का नाही बोललास?" आणि त्यावर काय म्हणणार होतो मी?

गोष्ट सफरचंद तोडायच्या सहलीची आहे आणि ती सिंगापुरात घडली. म्हणजे पहिलं खोटं इथेच आलं. पण ते माझं एकट्याचं नाही, आम्हा सगळ्यांचं आहे. माझं पुढे येतंय.

२०१३ साल. आम्ही पुंगोलला राहत होतो. आमचा मुलगा मिहीर चार वर्षांचा होता आणि त्याच्या शाळेत 'ऑटम' शिकवत होते. केशरी कागदाची पानं कापून तो घरी यायचा आणि खिडकीपाशी उभा राहून विचारायचा, आपला ऑटम कधी येणार? खिडकीबाहेर बारा महिने तेच हिरवं आणि तेच ऊन. आमच्या मराठी ग्रुपमधल्या सगळ्याच घरांत हा प्रश्न चालू होता. शेवटी तो कॅप्टन नेन्यांपर्यंत गेला.

नेने बोट सोडून कधीच हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात बसू लागले होते, पण 'कॅप्टन' म्हटल्याशिवाय वळून बघत नसत. त्यांनी जाहीर केलं, "शरद म्हणजेच ऑटम! यंदा कोजागिरीला सहकुटुंब ॲपल पिकिंग!" कोजागिरी आणि सफरचंद यांचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. मी मनात विचारलं. मी बहुतेक गोष्टी मनातच विचारतो आणि त्यालाच चिकित्सक वृत्ती समजतो.

जागा ठरली नेन्यांच्या सेरंगूनच्या कॉन्डोतली बाग. तिथे झाडं होती ती चाफ्याची. सफरचंदं बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी उंच आहे. "स्टिकर काढ हं सगळे," मधुरा तीनतीनदा म्हणाली. दुकानातल्या प्रत्येक फळावर तो छोटा गोल स्टिकर असतोच. मी ते नखाने काढले, देठाला हिरवा दोरा बांधला आणि सकाळभर शिडीवर उभा राहून चाफ्याला सफरचंदं लावली. चाफ्याचा चीक शर्टावर सांडला, तो पुढे कधीच निघाला नाही. खाली उतरून पाहिलं आणि – हे कबूल करायला लाज वाटते – मला फार छान वाटलं. ज्या प्रकाराची मी आठवडाभर घरी टिंगल केली होती, तो प्रकार मी इतका नीट केला होता की मलाच आवडला. दोरा दिसतसुद्धा नव्हता.

दुपारी सगळे जमले. कॅप्टनांनी नऊ मुलांसाठी माइक लावला होता. ऋतुचक्रावर भाषण झालं. मुलं टोपल्या घेऊन धावली. मिहीर पहिलं सफरचंद हातात धरून नुसता बघत राहिला.

आणि तेवढ्यात इरा माझ्याकडे आली.

इरा म्हणजे समीर आणि केतकीची मुलगी, आमच्याच ब्लॉकमधली. वय सहा. मुलांत सगळ्यांत मोठी. ती इथल्या मुलांच्या मराठी-सिंगापुरी खिचडीत शांतपणे म्हणाली, "अंकल, हे फ्लॉवरचं ट्री आहे. आपल्या ब्लॉकखाली पण आहे. ॲपल कॅनॉट लाह." आणि बोट पुढे केलं. "सी, स्टिकर पण होता."

बोटाच्या टोकाला तो गोल स्टिकर होता. एक राहिला होता. माझ्याकडून राहिला होता.

मुलं गोळा झाली. मधुरा बघत होती, कॅप्टन बघत होते. काय करता आलं असतं? हसता आलं असतं. 'शाबास, तुला कळलं, आता छोट्यांना सांगू नकोस' असं कानात सांगता आलं असतं. हे मला नंतर सुचलेलं नाही. तेव्हाच सुचलं होतं. पण इराच्या पाण्याच्या बाटलीकडे माझं लक्ष गेलं. ती फळांचे स्टिकर जमवून बाटलीवर चिकटवायची, सगळ्यांना माहीत होतं. मी तिच्या बोटावरचा स्टिकर काढून घेतला, खिशात टाकला आणि अगदी प्रेमळ आवाजात म्हणालो, "हा तुझ्या बाटलीवरचा आहे ना? खोटं बोलू नये, बाळा."

"नो! ॲपलवरचाच होता!"

"मी सगळे... सगळी सफरचंदं बघितलीत, इरा."

एक मुलगा ओरडला, "इरा लायर!" मग बाकीचे. केतकी लाजेने लाल झाली. लहानांची मजा घालवायला मुलीने मुद्दाम घरून स्टिकर आणला, असंच तिला वाटलं. "अंकलना सॉरी म्हण. आत्ताच्या आत्ता." इराने एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं. मग सॉरी म्हणाली.

झाडाबद्दल खोटं बोलणाऱ्या आम्ही सगळ्या मोठ्यांनी मिळून, खरं बोलणाऱ्या एकुलत्या एका माणसाकडून माफी वसूल केली. त्या बागेत मनातला प्रश्न तोंडाने विचारणारी ती एकटीच होती. मला ती आवडायला हवी होती, नाही का?

इथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण ग्रुपमध्ये शब्द रुजला. थाप म्हणजे 'सफरचंद'. इराने काहीही सांगितलं की कुणीतरी म्हणायचं, "खरं, की सफरचंद?" सगळे हसायचे. मीही हसायचो, न हसलो असतो तर कुणी कारण विचारलं असतं. पुढच्या वर्षी पार्कमध्ये ती स्कूटरवरून पडली आणि मनगट दुखतंय म्हणाली. समीर गमतीने म्हणाला, "सफरचंद गं!" ती एका हाताने स्कूटर ढकलत घरी आली. संध्याकाळी मनगट सुजलं तेव्हा डॉक्टरकडे नेलं. हाड तडकलं होतं. प्लास्टरवर सगळ्यांनी नावं लिहिली. मी 'गेट वेल सून' लिहिलं. खाली दोन ओळींची जागा होती.

समीर आणि केतकी २०१८ला सिंगापूर सोडून मेलबर्नला गेले. निरोपाच्या जेवणात केतकी कौतुकाने सांगत होती, "आमची इरा आता काही सांगायचं असलं ना, की आधी फोटो दाखवते. मगच बोलते. ही हल्लीची मुलं!" टेबल हसलं. इरा माझ्या समोरच बसली होती, फोन ताटाशेजारी उलटा ठेवून. ती हसली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी भाजी पुढे सरकवली.

मिहीरसाठी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. माझ्याकडून एक स्टिकर राहिला हे मधुरासमोर, नेन्यांसमोर मला मान्य करायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. मेलबर्नचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

तिथे सफरचंदं झाडाला लागतात म्हणे. ऑटम मार्चमध्ये येतो.