समुद्राकडची बाजू बंद

"उद्घाटनाला दिवा लागलाच पाहिजे, मॅडम. पूर्वीसारखा, फिरता," क्लायंट फोनवर म्हणाले. "शेवटचे कीपर परबतात्या बटण दाबणार. मी त्यांना शब्द दिलाय."

मी तेव्हा मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या एका बंद दीपगृहाच्या माथ्यावर, काचघरात, भिंगावर उडालेला चुना पुसत होते. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची आर्किटेक्ट. ऑफिस लोअर परळला, पण ते काम चालू होतं तोवर बराच वेळ बोटीत आणि परांचीवरच गेला.

दीपगृह ब्रिटिशांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. गोदीकडे येणाऱ्या जहाजांना खडक कळावा म्हणून बांधलेलं. पुढे किनाऱ्यावर उंच इमारती झाल्या आणि त्यांच्या उजेडात हा दिवा ओळखू येईना. लांब समुद्रात नवा दिवा बसला, हा बंद झाला. मधे कोणीतरी भिंतींना सिमेंट फासलं. चुन्यात बांधलेली भिंत आत शिरलेलं पाणी बाहेर सोडते, सिमेंट ते कोंडून ठेवतं. आम्ही ते सगळं काढून पुन्हा चुना भरला. भिंती सुकल्या. सगळं जमत आलं होतं.

अडलं दिव्यापाशी. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते आणि ती समुद्राच्या नकाशात लिहिलेली असते. कप्तान ती बघून आपण कुठे आहोत ते ठरवतो. आमचं दीपगृह बंद झाल्यावर ती नोंद नकाशातून गेली. आता तिथे दिवा फिरला, तर रात्रीच्या बोटीला तो चुकीची माहिती देणार. बंदराच्या अधिकाऱ्यांनी साफ नाही म्हटलं.

"तात्यांना तुम्हीच सांगा ना," क्लायंट म्हणाले. "टेक्निकल मुद्दा आहे."

तात्या लालबागला मुलीकडे राहायचे. मी गेले तेव्हा त्यांचा उद्घाटनासाठी शिवलेला नवा शर्ट दाराला टांगलेला होता. मी कसंबसं सांगितलं.

"दोन मिन्टां लावली तर काय बिघडात?" त्यांनी विचारलं.

"तेवढ्यात एखादी बोट वळली तर, तात्या?"

त्यांनी दाराच्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाले, "ता माका म्हायत असा. हयात थंयच गेली माजी. पण मगे शब्द कित्याक दिल्यानी?"

त्यांच्या मुलीने, सुनंदाताईंनी, चहा आणून ठेवला. तो कोणीच प्यायलं नाही.

शेवटी आमच्या ऑफिसच्या मुख्य आर्किटेक्ट सरांनी तोडगा काढला. समुद्राकडच्या काचांना आतून काळे पत्रे लावायचे. दिवा साधा, न फिरणारा, फक्त शहराच्या बाजूला दिसणारा. अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं. मी तात्यांना फोन केला. "येतंय," एवढंच म्हणाले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ते जिन्यात थांबत थांबत वर आले. पत्रे बघितले. क्लायंटनी हात धरून बटणापाशी नेलं, तर तात्यांनी हात सोडवून घेतला.

"दर्याक दिसाची नाय, ती बत्ती कसली? तुमीच दाबा."

क्लायंटनी दाबलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. तात्या तोवर छोट्या दारातून बाहेरच्या गॅलरीत गेले होते, समुद्राच्या बाजूला. मी मागोमाग गेले.

"तात्या, चुकलं का आमचं?"

त्यांनी भिंतीवर तळवा फिरवला. "काम बरा केलास. आमच्या टायमाक हयसून पाणी झरायचा." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "बत्ती गेली ती गेली. माका आधी सांगूक होया हुता. इतक्याच."

इमारत आम्ही दुरुस्त करू शकतो. तिचं काम तिला परत मिळेलच असं नाही. आता नवीन प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला मी क्लायंटला आधी विचारते, तुम्ही कोणाला काय कबूल केलंय? ड्रॉइंग त्यानंतर उघडते.