भिंतीकडची जागा

आत्याचं म्हणणं एकच होतं: मेल्यावर मला माझ्या आईच्या कबरीत ठेवा. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नव्हतं, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे इंदिरानगरला राहत होती. नर्सला मरणाचं काय अप्रूप! जेवताजेवता ती हे बोलायची आणि वर आमटीत मीठ कमी आहे हेही सांगायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीची जुनी दफनभूमी गच्च भरली होती, म्हणून पंच कमिटीने नियम काढला की नवी जागा मिळणार नाही. घराण्यातली जुनी कबर उघडून तिच्यात ठेवता येईल, पण कबर तुमचीच आहे हे आधी दाखवा. आजोबा आणि माझे वडील दोघेही नगरला पुरलेले, त्यामुळे नाशिकात आमचं असं ते एकच ठिकाण. मी निर्धास्त होते. चिंचेखालची कबर आमची, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. आजी गेली तेव्हा आत्या जेमतेम चार वर्षांची होती, आणि आजोबांनी तिला बोटाला धरून ती जागा दाखवली होती. तेव्हापासून ईस्टरच्या पहाटे तिथे निशिगंध ठेवणं तिने कधी चुकवलं नाही.

पंच बघायला आले आणि म्हणाले, "बाई, यावर नाव कुठंय?"

नाव कसं दिसणार? दर ईस्टरआधी आम्ही कबरीला चुना लावायचो. वर्षानुवर्षं, प्रेमाने आणि सढळ हाताने. त्याखाली अक्षरं पार बुजून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी घरातलं उलथनं घेऊन गेले आणि खरवडायला बसले. पोपडे निघत गेले, उलथन्याचा दांडा वाकला, आणि दुपारपर्यंत दगड मोकळा झाला. त्यावर एका पुरुषाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'मिशनचे सुतार'. आमच्या सात पिढ्यांत कुणी सुतार नाही.

घरी आत्या वाट बघत होती. तिला म्हटलं, अजून अक्षरं लागत नाहीत.

आता उरलं होतं जुनं दफन रजिस्टर. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, पेटीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गेलेत मुलाकडे सिन्नरला. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. त्यांचा नन्नाचा पाढा संपेना, आणि मी पिच्छा सोडणारी नव्हते. भीड भिकेची बहीण, हे मला आत्यानेच शिकवलंय. शेवटी एसटीने सिन्नर गाठलं, सेक्रेटरींच्या हातचा चहा घेतला आणि किल्ली घेऊन परत आले. पाळकसाहेबांना सलाम केला आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. मग मात्र पेटी उघडली.

वाळवीने निम्मं रजिस्टर खाल्लं होतं. आजीची ओळ मात्र वाचली होती. आजार: प्लेग. जागा: मागची भिंत. पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात सांगितलं, की प्लेगची माणसं त्याच दिवशी, इतरांपासून लांब, भिंतीलगत पुरायचे. एका चरात चार-पाच. दगड नाही, काही नाही.

हे आत्याला कसं सांगायचं याचे मी बेत करत होते. पण नर्सपुढे आडपडदा चालत नाही. माझं तोंड बघूनच ती म्हणाली, "रिपोर्ट काय आला ते सांग."

सांगितलं. ती भडकलीच. "म्हणजे जन्मभर मी परक्या बाप्याला फुलं वाहिली? दादांनी फसवलं मला! सख्ख्या बापाने!" ती दोन दिवस माझ्याशीही धड बोलली नाही. मलाही वाटलं, कशाला खरवडलं मी ते? खोटं होतं, पण तिला जन्मभर पुरलं होतं. तिसऱ्या दिवशी पोळीचा घास हातात धरून ती म्हणाली, "चार वर्षांची पोर आई कुठे म्हणून रोज रडत असेल. तो तरी काय दाखवणार होता गं? भिंत?" आणि मग ती रडली. आमच्या घरात तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

डोळे पुसून तिने विचारलं, "भिंतीकडे कुणाला ठेवतात का अजून?"

हेच मी कमिटीला विचारलं. ते म्हणाले, "छे, तिकडे कोण ठेवतंय! कुणाला नकोच असते ती जागा."

"मग जागा शिल्लक आहे की," मी म्हटलं. त्यांनी कुरकुर केली, रीत नाही म्हणाले. मी प्रत्येक मीटिंगला जाऊन पहिल्या बाकावर बसत राहिले. कंटाळून का होईना, त्यांनी लिहून दिलं.

आत्या पुढच्या वर्षी थंडीत गेली. भिंतीलगत खणायला घेतलं तेव्हा मी तिथेच उभी राहिले. घरी थांब म्हणणाऱ्यांचं ऐकलं नाही. कमरेएवढं खोल गेल्यावर खणणारा थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. हाडं लागली होती. कबर उघडताना जुनी हाडं निघाली, तर ती पांढऱ्या कापडात बांधून नव्या माणसासोबत त्याच खड्ड्यात ठेवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. चरात चार-पाच माणसं होती. ही हाडं कुणाची, हे आता कोणतंच रजिस्टर सांगणार नव्हतं. पाळकसाहेबांनी गाठोडं हातात घेऊन विचारलं, "पायाशी ठेवू?"

"नाही," मी म्हटलं. "कुशीत ठेवा."